आधी चहाचा गिलास

औरंगपुऱ्यात साडी फॉल लावायला टाकत होते, तेव्हा कॉलेजातून फोन आला. मंगल गेली... झोपेतच. दुकानाच्या पायरीवर बसले आणि पहिला विचार हाच आला, की इथंही हीच आधी. रडू त्यानंतर आलं.

मंगल सोयगावची, मी गंगापूरची. औषधनिर्माणशास्त्राच्या एकाच प्रयोगशाळेत आम्ही संशोधन केलं आणि पुढं शिकवायलाही तिथंच लागलो. वनस्पतींचे अर्क उंदरांना पाजायचे आणि त्यांच्या यकृताला इजा होते का, ते रक्त तपासून बघायचं, हे आमचं काम. माझा अर्क घरचाच होता. माझे वडील, दादा, गावाला काविळीवर एक पाला फुकट द्यायचे. तो सुरक्षित आहे हे मला सिद्ध करायचं होतं, आणि केलंही. अर्क घेतलेले आणि नुसतं पाणी घेतलेले उंदीर, दोन्हींचे आकडे सारखेच आले. मी पेढे वाटले. आमच्या मार्गदर्शक सरांनी मात्र तोच प्रयोग मंगलला पुन्हा करायला सांगितला. तिच्याकडं पाण्यावरच्या उंदरांचे आकडे खाली राहिले, अर्कवाल्यांचे चढले, म्हणजे यकृताला इजा होत होती. माझ्या हातात सगळेच उंदीर घाबरून तडफडायचे, त्यामुळं सगळ्यांचेच आकडे चढलेले आणि पाल्याचा दोष त्यात झाकला गेलेला.

"शैले, लई घट्ट धरतीस गं," ती म्हणाली. "हात बी गार हैत तुझं. आधी चहाचा गिलास धरत जा, मंग उंदीर."

नुसता जळफळाट झाला माझा. तिचं चुकलं असतं तर मी तिला माफ केलं असतं. ती बरोबर होती, तेच सहन होईना. त्यावर कडी म्हणजे, दादांना सांगायची माझी हिंमत होईना, तर तीच माझ्याबरोबर गंगापूरला आली. माझा एक शब्द ज्यांना कधी पटला नाही, त्यांनी तिचं ऐकून पाला बंद केला. वर जेवताना आग्रह तिलाच. तेव्हापासून फोनवर माझ्याआधी तिची चौकशी...

ती गेल्याचं दादांना सांगायला मला महिना लागला. परवा घरी जाऊन सांगितलं. तर म्हणाले, "तिच्यावानी काम कोण करंल आता?" मी समोर बसलेली असताना, बरं का!

आज प्रयोगशाळेत चहा आला. तळवे चांगले गरम होईस्तोवर गिलास धरून बसले, मग पिंजरा उघडला. उंदीर हातात निवांत बसला. विद्यार्थिनी कौतुकानं म्हणाली, "मॅडम, अगदी मंगल मॅडमसारखं."

एवढं तरी माझं राहू द्यायचं होतंस, मंगल.