बांधावरची अमेरिका

सुंदराने गजाभावजींना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आभाळातून खाली येत होते. खरं म्हणजे आंब्यावरून, पण मांडवातल्या नवरीला तेवढं वर कुठे बघता येतं? अक्षता पडतायत म्हणून तिने मुंडावळ्यांतून डोळे उचलले, तर अक्षतांच्या मागोमाग एक आख्खा दीर आला आणि दिरामागोमाग लाऊडस्पीकरचा कर्णा. दोघंही वरणाच्या टोपात गेले. टोप इतका मोठा की दीर शोधायला दोन माणसं आत उतरली, असं सुंदराच्या माहेरी अजून सांगतात. वरण निवलेलं होतं, म्हणून भावजींचा वंश पुढे चालला. आंब्यावर स्पीकरवाल्याशी भांडण जुंपलं होतं ते कशाचं, तर कर्ण्याचं तोंड खोपोलीकडे करायचं की कर्जतकडे. भावजी खोपोलीवाले, स्पीकरवाला कर्जतवाला. जेवणं होईस्तोवर सगळं वऱ्हाड दोन बाजूंना फुटलं होतं.

पुढची तीस वर्षं या चुलतदिराने हाच उद्योग केला. गणपतीच्या आरतीपासून क्रिकेटच्या पिचपर्यंत, जिथे गाव एक असेल तिथे भावजी जायचे आणि येताना दोन करून यायचे. तरी सुंदराने त्यांना कधी तोडलं नाही, कारण भाताच्या लावणीत त्यांच्या तोडीचा गडी पाताळगंगा नदीच्या अलीकडे नव्हता. गावात सात घरांची सावड होती. आज सगळ्यांनी मिळून याचं शेत लावायचं, उद्या त्याचं. सुंदराचा नवरा सहदेव कारखान्यात पाळीला जायचा, घरात दुसरे हात नव्हते. तिचं ओढ्याकाठचं खोलगट खाचर सावडीवरच पिकायचं, आणि पाणी शेवटी उतरतं म्हणून पाळीही शेवटची असायची.

मग भावजींची मुलगी रूपाली बाळंत झाली. ती अमेरिकेत. भावजी तीन महिने न्यू जर्सीला जाऊन आले.

तिथे त्यांना काम नव्हतं. खिडकी होती. खिडकीतून दोन शेजाऱ्यांची अंगणं दिसायची आणि दोन्ही अंगणांत पाट्या रोवलेल्या. उजवीकडच्याची पाटी म्हणायची, इस्रायल आपला मित्र आहे, त्याच्या पाठीशी उभे राहा. डावीकडच्याची म्हणायची, गाझावर बॉम्ब पडतायत, इस्रायलला शस्त्रं देणं थांबवा. जावयाने सगळं समजावून सांगितलं. कॉलेजातली पोरं निषेधाला तंबू ठोकून बसली होती, एकाच पक्षातले म्हातारे आणि तरणे एकमेकांना पाण्यात बघत होते, आणि या दोन शेजाऱ्यांचं गवत कापायचं मशीन सामाईक होतं ते आता कुणीच कुणाला देत नव्हतं. दोन्ही अंगणांत गवत पोटरीपर्यंत आलं होतं. भावजींना तीर्थाला आल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं आपण जे हाताने करत होतो, त्याचा इथे केवढा मोठा कारखाना आहे, हे बघून त्यांचे डोळे पाणावले.

बाजू निवडायला त्यांना फार विचार करावा लागला नाही. उजवीकडच्या शेजाऱ्याने त्यांना एक घडीची खुर्ची दिली होती.

गावी परतल्यावर आठ दिवसांत त्यांच्या बांधावर फ्लेक्स लागला. ‘मित्राला साथ द्या.’ मध्ये काळा चष्मा लावून हात जोडलेले भावजी, खाली शुभेच्छुक म्हणून समस्त ग्रामस्थ. ग्रामस्थांना कुणी विचारलं नव्हतं. टेंपोवाला मनोज भावजींच्या पलीकडच्या बांधाचा, सावडीतलाच. त्याला इस्रायल नकाशात दाखवता आलं नसतं, पण भावजींनी जे म्हटलं ते चूक असणार, एवढं त्याला जन्मापासून ठाऊक होतं. चौथ्या दिवशी त्याचा फ्लेक्स आला. ‘शस्त्रं देणं थांबवा.’ शुभेच्छुक तेच, समस्त ग्रामस्थ. तोवर सहा शेतांची लावणी उरकली होती. सुंदरा सहाही ठिकाणी राबली होती. तिची पाळी आली आणि सावड मधोमध चिरली गेली.

चार दिवस कुणी आलं नाही. रोप गुडघ्याला लागलं, पिवळं पडायला लागलं. पाचव्या दिवशी ती भावजींच्या ओटीवर गेली. भावजी घडीच्या खुर्चीत बसले होते.

“भावजी, रोप म्हातारं झालं. उद्या येता नं?”

“येतो की वैनी. पन मनोज आला तर मी नाय. तत्त्वाचा प्रश्न हाय. अमेरिकेत सख्खे भाऊ याच्यापायी एका टेबलाला जेवाया बसत नाय.”

“त्यांची लावणी राहिली काय त्याच्यापायी?”

“त्यांच्यात लावणी नसते. गवत असतं.”

“आणि जिथं लढाई हाय, तिथल्या पोरांच्या पोटात काय जातं, ते सांगितलं का कोनी तुमाला?”

भावजींनी खुर्चीचा दांडा चाचपला. “त्ये काय पाटीवर नव्हतं,” ते म्हणाले.

मनोजने टेंपो पुसता पुसता हेच ऐकवलं, फक्त उलट्या बाजूने. वर दोघांनी एकच अट घातली. वैनींच्या बांधावर आमची पाटी लागली, तर आमची माणसं येतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुंदराने दोघांच्याही पाट्या मागून आणल्या. भावजींची पूर्वेच्या बांधावर रोवली, मनोजची पश्चिमेच्या, आणि सांगितलं की ज्याने त्याने आपल्या पाटीकडे तोंड करून लावायचं. कुणाला कुणाचं तोंड बघायला नको. दोघांनाही न्याय पटला. माणसं उतरली.

आता भात लावणारा माणूस वाकतो, पुढे रोप खोचतो आणि मागे सरकतो. हे त्या सगळ्यांना पायावर उभं राहिल्यापासून माहीत होतं. तरी तत्त्वापुढे कुणाच्या ध्यानात आलं नाही. पूर्वेची ओळ मागे मागे येत होती, पश्चिमेची ओळ मागे मागे येत होती, आणि हात तर दोन्हीकडचे विजेसारखे चालले होते, कारण दुसऱ्या बाजूपेक्षा आपण आधी मध्यावर पोचायचं होतं. चिखलाने माखलेली सुंदरा रोपाच्या मुठी टाकत होती आणि मनातल्या मनात मोजत होती. अर्धं झालं. पाऊण झालं. दोन हात राहिलं.

तेवढ्यात भावजींचं बूड मनोजच्या बुडाला भिडलं.

दोघंही तोंडावर पडले, आपापल्याच रोपांवर. उठले ते चिखलाचे पुतळे होऊन, आणि वाद लागला की हद्द कुणी ओलांडली. भावजींचं म्हणणं, मी माझ्या बाजूला होतो. मनोजचं म्हणणं, बाजू माझी होती. दोघांच्या माणसांनी आपापल्या बुडाची साक्ष दिली.

“दोन हात राहिलंय रं,” सुंदरा म्हणाली. “तेवढं लावा, मग मारा एकमेकाला.”

पण दोन्ही बाजू बांधावर चढल्या होत्या. जाताना पाट्या तेवढ्या आठवणीने उपटून घेऊन गेल्या. सहदेव रात्रपाळीवरून येऊन झोपला होता. सुंदराने एकटीने वाकून थोडं लावलं, पण तोवर मुठी संपल्या. उरलेलं रोप त्या दोघांच्या हातात होतं, ते पडताना त्यांच्याखालीच चेपलं होतं.

सावड पुन्हा बसली नाही. न्यू जर्सीच्या डावीकडच्या शेजाऱ्याने घर विकलं, असं रूपालीने फोनवर सांगितलं. सुंदराच्या खाचरात मध्ये दीड हाताचा पट्टा मोकळा राहिला. त्यात लव्हाळा उगवला.