डावा पाय

धुक्यात भिजलेल्या गवताचा वास आला की मला आमच्या तालमीच्या फुटबॉलच्या ब संघातला एक पोरगा आठवतो. मी त्या संघाचा कोच होतो. पोरगा शाहूवाडीकडचा, मैदानाच्या उजव्या बगलेवरून तरंगत गेल्यासारखा पळायचा. एका संध्याकाळी सिनियर संघाचे कोच आले नि म्हणाले, "ह्या पोराला आमच्याकडं सोडा की." तो गेला असता तर माझा संघ उघडा पडला असता. मी म्हणालो, "अजून कच्चा हाय त्यो." त्यांनी दुसऱ्याला नेलं. घरी जाताना पोरगा सायकल ढकलत माझ्यासोबत चालू लागला. "दादा, खरं सांगा, कुठं कमी पडलो?" काहीतरी सांगायचं म्हणून मी म्हणालो, "डाव्या पायात." खरं तर त्यात काहीच कमी नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे मैदानावर गेलो, तर धुक्यात गोलपोस्टही दिसत नव्हते. नुसता भिंतीवर चेंडू आपटल्याचा आवाज येत होता. तो एकटाच डाव्या पायानं चेंडू मारत होता. मला बघून हसला, "आता बघा की दादा!" मी बघितलं, आणि खोटं उघडं पडू नये म्हणून म्हणालो, "घोटा आवळून धर." "व्हय," म्हणत त्यानं लगेच आवळला. सिनियर संघातून त्याला पुन्हा कुणी बोलावलं नाही. आता लोक म्हणतात, मी पोरं घडवली. तेव्हा माझी मान वर होत नाही.