जवायाचं माहेरपण

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी इचोड्याच्या बसस्टँडवर पत्रकं वाटत होते, बायकांना होणाऱ्या मारहाणीविरुद्धची. उरलेला गठ्ठा पिशवीत कोंबला आणि मामांच्या गावी, वांकिडीकडे निघाले...

आता महिना होऊन गेला. लोक म्हणतात, देवमाणूस होता. नव्हता. माझे मामा, आईचे धाकटे भाऊ, पण तिला तीनदा परत धाडलं ते त्यांनीच. आमच्या तेलंगणा सीमेवरच्या गावांत रीतच आहे. मार खाऊन लेक माहेरी आली की चार दिवस ठेवायची, साडी-चोळी करायची, नारळानं ओटी भरायची आणि भावानं सासरी पोचवून द्यायची. मारणारा आपल्या घरात, आपल्या बाजेवर. पिशवी घेऊन हिंडायचं ते मार खाणारीनं. याला म्हणे समजूत म्हणायचं.

तिसऱ्यांदा पोचवल्यावर पंधरा दिवसांत बाबांनी आईचा हात मोडला. मी सातवीत होते. मामा आले, त्यांनी प्लॅस्टर पाहिलं, मग बाबांना म्हणाले, "दाजी, कपडे भरा. तायडी लय डाव आली माह्या घरी. आता माहेरपण तुमचं."

बाबा हसले. मामा हसले नाहीत. "नसन यायचं तर ठाण्यात चला. साक्ष मी देतो. माह्या चुकीचीबी देतो."

मामांनी आपल्या घरी कापूस ठेवायच्या खोलीत बाज टाकली. दिवसा बाबा आपल्या वावरात, जेवायला-झोपायला सासुरवाडीत. ताट मामांनीच वाढायचं, मामीनं नाही. रस्त्यात कुणी विचारलं, "जवाईबापू, मुक्काम वाढला?" की बाबांच्या आधी मामाच सांगायचे, "बायकोवर हात उचलला म्हनून आनलं." घरी कधी यायचं ते आई ठरवणार होती. आईनं घाई केली नाही. त्यानंतर बाबांचा हात उठला नाही. मी त्यांना माफ केलेलं नाही, तो वेगळा विषय.

पुढे त्या खोलीत गावचे आणखी काही जवाई राहून गेले. एक पळाला. त्याच्या बायकोनं केस केली, मामा साक्षीला उभे राहिले.

माझं पहिलं पत्रक मी त्यांना मोठ्या तोऱ्यात वाचून दाखवलं. मिरच्या निवडत ऐकत होते. म्हणाले, "सहन करू नको, बोल, फोन कर, उभी राह्य... सारं काम बाईलेच सांगून राह्यली तू. मारते कोन? अन् पाहत बसते कोन?" मला राग आला. मग पत्रक नव्यानं लिहिलं. आता पहिली ओळ अशी आहे : भावांनो, बहिणीला पोचवू नका, मेहुण्याला घेऊन या.

तेरवीनंतर आठवडाभरात मामांच्या गल्लीतली एक लेक सुजलेला ओठ घेऊन माहेरी आली. तिच्या भावानं नवी साडी आणली, नारळ आणला. "आता मामा नाईत, जवायाले कोन सांभाळन?" असं तो मामीला सांगत होता. बाबा तिथेच होते, मामांच्या मळ्यातली वांगी तोडायला आलेले. म्हणाले, "साडी दे तिले, पोचवू नको. मोटरसायकल काढ, मी येतो संगं."

संध्याकाळी जवाई खोलीत आला, तोंड पाडून बाजेवर बसला. बाबांनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला.

"किती दिवस रहा लागन?" त्यानं विचारलं.

"ते तिच्या हातात हाय," बाबा म्हणाले. "मी पेरणीपासून पोळ्यापर्यंत होतो."