करंगळीचा बिघाड

मोताळ्याला मी पंपाच्या मोटरी भरायला शिकलो. म्हणजे जळालेली तार काढायची आणि नवी तांब्याची तार घालायची. शाळा आठवीत सुटली, घर राहिलं चिपळूणकडे, आणि येणारं काम हे एवढंच. त्यामुळे डाव्या हाताची करंगळी बधिर झाली तेव्हा मी घाबरलो आणि कुणाला सांगितलं नाही. तार ताणून धरायची ती याच हातानं. हात गेला की परतीची गाडी.

तार निसटायला लागल्यावर काकांच्या लक्षात आलं. काका म्हणजे दुकानाचे मालक. मी जेवायचो त्यांच्याच घरी, पण त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही.

"लकवा तं नाही बे तुले?" त्यांनी विचारलं. धीर देण्याची त्यांची ही पद्धत होती.

काकूंनी सरकीचं तेल तापवून करंगळीवर सोडलं. मी हात तसाच धरून ठेवला.

"लय सोशीक आहे पोरगं," काका म्हणाले.

काकूंनी तेलाला बोट लावून पाहिलं आणि ओरडल्या, "अवं माय वं! काऊन रे, तुले चटका लागून नाही राह्यला?"

"नाही, काकू."

संध्याकाळी फोड आला.

काकांनी मला बुलढाण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फोडाला मलम लावलं आणि कोपराच्या हाडामागे टकटक केलं. करंगळीत झिणझिण्या आल्या. मग त्यांनी सांगितलं, मेंदूपासून पाठीच्या कण्यातून एक जाड दोर उतरतो, मज्जारज्जू. मानेपाशी त्याला फाटे फुटतात. त्यातला एक कोपराच्या हाडामागून, अगदी कातडीखालून, करंगळीत जातो. चटक्याची खबर त्याच वाटेनं वर, आणि 'घट्ट धर' हा मेंदूचा हुकूम त्याच वाटेनं खाली.

"बोट ठीक आहे. नस कोपराशी दबलीय. काम करताना कोपर कुठे टेकवतोस?"

मी काकांकडे पाहिलं. काकांनी पंख्याकडे. लोखंडी टेबलाच्या कडेवर कोपर रोवून बसायचं, म्हणजे तार हलत नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांना त्यांच्या वडिलांनी.

परतताना एसटीत काकांनी विचारलं, "पंप बंद पडला तं आपण आधी काय पाह्यतो?"

"केबल, काका."

"मंग इथं काऊन नाही पाह्यली?"



कोपराला आराम म्हणून पुढचे काही आठवडे मी गिऱ्हाइकांना पाणी दिलं, दुकान झाडलं, आणि काका दुसरा माणूस शोधतायत का ते पाहत राहिलो. त्यांनी शोधला नाही. काकूंनी टेबलाच्या कडेला गोधडीचा तुकडा शिवून बसवला.

एका दुपारी कचरा उचलताना तारेचं टोक करंगळीत घुसलं. मी बोंबललो.

"लागलं का बे?" काकांनी आतून विचारलं.

"हो काका! लय लागलं!"

"बरं झालं. ते धामणगाववाल्याची मोटर घे भरायला."