खुडूक कोंबडीखालची अंडी

सरांनी मला अमरावतीच्या कॉलेजात वर्षभर एकाच स्लाइडसाठी राबवलं. कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भात पाठीवर मज्जेची एक नळी तयार होते. तिच्यातून काही पेशी निसटतात आणि पार लांब जाऊन मज्जातंतू होतात. त्या निघतानाची स्लाइड दाखव, मग संशोधनासाठी तुझ्या नावाचं पत्र मुंबईला पाठवतो, असं सर म्हणाले होते. पेशी वरच्या पातळ पापुद्र्यावरून एकमेकींना ओळखतात, असं परदेशातले लोक तेव्हा म्हणू लागले होते. मला पुढे तेच शोधायचं होतं. साठ सालानंतरची गोष्ट. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे कोणी गेलं नव्हतं, त्यामुळे त्या पत्रावाचून माझं पुढचं सगळंच अडलं होतं.

मशीनमध्ये अंडं दीड दिवस उबवलं की ती वेळ साधते, असं पुस्तकात लिहिलेलं. मी फोडावं तर आत रक्तवाहिन्यांचं जाळं पसरलेलं आणि पेशी केव्हाच पसार! मी थर्मामीटर बदलला. मशीनची उष्णता वाढवतोस म्हणून लॅबच्या शिपायाशी भांडले. "वऱ्हाडातलं ऊन, दुसरं काय," सर म्हणाले. मग थंडीतही तेच झालं, तेव्हा मात्र मला रडू फुटायचं तेवढं राहिलं.

अंडी गावाबाहेरची एक म्हातारी आणून द्यायची. सरांनी दिलेली मुदत शनिवारी संपत होती, म्हणून आदल्या रविवारी मी स्वतःच तिच्या घरी गेले. तिने कोपऱ्यात अंडी उबवत बसलेली खुडूक कोंबडी उचलली आणि खालून बारा अंडी काढली.

"हे घ्या बाई, तुमचे."

"कोंबडीखाली कशाला ठेवलीत?"

"काऊन? दर खेपेले ठेवतो ना मी. मशीनले का माया असते? एक दिस मायच्या पोटाखाली राहिले तं पिल्लं जगते."

म्हणजे मशीनमध्ये जाण्याआधीच अंडी दिवसभर उबलेली असायची! मी किंचाळलेच. "मला पिल्लं नकोत हो! त्यातल्या पेशी घर सोडून निघतात, त्या निघताना बघायच्यात!"

तिने कोंबडी खाली ठेवली. "मंग त्याइले वाट कोन दाखवते?"

"तेच तर शोधायचंय!" असं ओरडून मी ती बारा तिथेच ठेवली, त्याच दिवशी घातलेली, न उबवलेली अंडी घेतली आणि तिथून निघाले.

मंगळवारी अंडी फोडली, शुक्रवारी स्लाइड तयार झाली. नळीच्या कडेने पेशी नुकत्याच बाहेर पडत होत्या. शनिवारी सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"छान आहे," ते म्हणाले. "पण पत्र गुरुवारीच दुसऱ्याच्या नावाने गेलं. वर्षभरात झालं नाही ते आठवड्यात होईल, असं वाटलं नाही मला."

पुढे अकोल्याच्या एका शाळेत मी शिकवत राहिले. पेशीच्या पापुद्र्यावरचे रेणूच तिला वाट दाखवतात, कुठे धरायचं आणि कुठे सोडायचं ते ठरवतात, हे कितीतरी वर्षांनी पुस्तकात वाचलं. शोध दुसऱ्यांनी लावला. सरांचा राग अजून गेलेला नाही. पण त्याहून जास्त माझाच येतो. वर्षभर मी त्या म्हातारीच्या हातून अंडी घेतली आणि ती कुठे ठेवता, एवढं कधी तिला विचारलं नाही.