बकरी ईदच्या चंद्रावर आखलेली वाट

कुंदा,

आठवडा झाला, तू फोन उचलत नाहीस. वरच्या मजल्यावरून उतरून बेल वाजवली तर पर्णिका दार अर्धं उघडून 'आई इज स्लीपिंग' म्हणते, भर दुपारी. झोपलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, ती स्वयंपाकघरात भांडी आपटत नाहीत. तेव्हा लिहिते. तुझ्याबद्दल या अल ऐनमधल्या मराठी घरांत इतकं उलटसुलट बोललं जातंय की कुणीतरी एकदा सरळ सांगायला हवं. एक म्हणते बाईला ज्वालामुखीचं खूळ लागलं, दुसरी म्हणते नवऱ्याला फसवलं. दोघीही अर्धवट. मी जे पाहिलं आणि तूच मला जे सांगितलंस, तेवढंच लिहिणार आहे. पण 'तू असं केलंस, तू तसं केलंस' असं लिहायला लागले की मला रागवायचा मोह होतो. म्हणून इथून पुढे तू 'ती'. वाच, चिड, आणि चुकलं असेल तिथे खोड.

कुंदा पुण्याची, जिऑलॉजीची एम.एस्सी. आपला सगळा दख्खन म्हणजे वाहून वाहून निजलेला लाव्हा, हे तिला विशीतच पाठ होतं. हातोडी घेऊन ती घाट न् घाट फिरली. मग अंबादासशी लग्न झालं, त्याने एसी डक्टिंगची कामं घेतली होती आखातात, या अल ऐनमध्ये, आणि ही दगडाची बाई वाळूत येऊन पडली. इथल्या इंडियन स्कूलमध्ये भूगोल शिकवू लागली. ज्वालामुखीचा धडा आला की पोरांना खडूने लाल-पिवळा डोंगर काढून द्यायची आणि घरी येऊन चिडायची.

"मढ्यावर शरीरशास्त्र शिकले मी," म्हणायची. "जिवंत माणूस पाहिलाच नाही."

जिवंत म्हणजे काय, हे तिने केव्हाच ठरवलं होतं. समुद्रापलीकडे इथिओपियात दनाकिलचं वाळवंट आहे, तिथल्या एका डोंगराच्या माथ्यावर लाव्हाचं तळं सतत उकळत असतं. दुबईहून अदिस अबाबाला विमान, मग जीप, आणि पुढे चार दिवस उंटांबरोबर पायी. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिकडे लढाई पेटली, तेव्हा ती गप्प बसली. लढाई थांबली आणि हिचे डोळे बिघडायला लागले.

ते सुरुवातीला कुणाला कळलं नाही. शाळेच्या कॉरिडॉरमध्ये बाजूने येणाऱ्या पोरांना ती धडकायची, बाजूने कुणी गुड मॉर्निंग म्हटलं तर ओ द्यायची नाही. शाळेत नाव पडलं, शिष्ट मॅडम. संध्याकाळी गाडी चालवणं तिने बंद केलं, म्हणाली मान दुखते. एकदा अर्धवट उजेडाच्या खोलीत समोर ठेवलेला चहाचा कप तिने टेबलभर हात फिरवून शोधला, आणि समोरची म्हातारी, म्हणजे मी, काही बोलत नाही हे बघून स्वतःच सांगून टाकलं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आली होती. कडा आधी विझतात, अंधारातलं दिसणं जातं, मग नजरेचा नुसता बोगदा उरतो. तो किती वर्षं उरेल, कुणी सांगत नाही. औषध नाही.

"अंधारात काहीच दिसत नाही?"

"जे स्वतः पेटलंय ते दिसतं," कुंदा म्हणाली. "म्हणून तर घाई आहे, मावशी."

आता अडचण अशी. दनाकिलमध्ये दिवसा चालता येत नाही. फेब्रुवारीतसुद्धा दुपार भाजून काढते, म्हणून सगळे सूर्य बुडाल्यावर चालतात. पायाखाली जुना लाव्हा, पापडासारखा पोकळ, काचेसारखा धारदार. म्हणजे जे बघायचं ते हिला दिसणार होतं आणि तिथवरची वाट मात्र दिसणार नव्हती. दुसरी कुणी असती तर रडून मोकळी झाली असती. कुंदा पंचांग उघडून बसली.

दर शुक्रवारी सकाळी तिच्या घरी बैठक भरायची. अबुधाबीहून शैलेंद्र आणि मैथिली यायचे. तो बँकेत, ती घरी डबे करून द्यायची, दोघं सह्याद्रीत वाढलेली. अंबादास भजी तळायचा, कारण नकाशातलं त्याला काही कळत नसे. पर्णिका, पंधरा वर्षांची, कानात वायरी घालून कोपऱ्यात बसलेली.

"वहिनी, रमजान ईद धरू या," शैलेंद्र म्हणाला. "डिसेंबर आहे, थंडी आहे. बॉसलाही बरं."

"बकरी ईद," कुंदा म्हणाली.

"अहो, पण फेब्रुवारीत तिथे..."

"बकरी ईद. सुट्टी मोठी असते."

"यांच्या शाळेची सुट्टी म्हणजे जगाची सुट्टी," अंबादास झाऱ्याने कढईकडे बोट दाखवत म्हणाला. "मान्य करा आणि भजी खा, नाहीतर भजीही बंद होतील. खलास."

खरं कारण सुट्टी नव्हतं. रमजान ईद म्हणजे चंद्रकोर, म्हणजे रात्री काळ्याकुट्ट. बकरी ईद येते त्यांच्या महिन्याच्या दहाव्या दिवशी. आकाशात दशमी-एकादशीचा चंद्र, पुढच्या रात्री वाढत पौर्णिमेकडे जाणाऱ्या. संध्याकाळपासूनच चांदणं. तेवढ्या उजेडात पांढरी वस्तू तिला अजून दिसायची. तिने गच्चीवर उभं राहून पाहिलं होतं, दोरीवरच्या चादरी मोजून.

मग तिने बाकीचं बसवलं. चालताना एकामागे एक, गप्पा मारत रमतगमत नाही. प्रत्येकाच्या पाठपिशवीला पांढरा पंचा बांधलेला. पुढचा उंट शक्यतो फिकट रंगाचा, असं अदिसच्या एजंटला कळवलेलं. तिच्यापुढे अंबादास, कारण तो संथ चालतो.

"ही काय शाळेची पिकनिक आहे?" शैलेंद्र म्हणाला. "उद्या म्हणाल, हात धरून जोडी-जोडीने चला."

"शाळेची असती तर तुला नेलंच नसतं. तू डबा आधीच संपवणाऱ्यांतला."

मैथिली हसली. सगळ्यांना वाटलं, बाई शिस्तीची. प्रत्येक नियमाला तिने असं कारण दिलं की ते सगळ्यांच्या भल्याचं वाटावं. पाठ न मोडता पाणी किती न्यायचं, पायाला पट्ट्या कशा, गॅस आला तर ओला रुमाल नाकावर; त्यातच पांढरा पंचाही खपून गेला. सरावाला बाकीचे वादींमधून, म्हणजे इथल्या कोरड्या ओढ्यांमधून, दगडधोंड्यांतून संध्याकाळचे चालायचे. कुंदा गुडघ्याचं निमित्त काढून गावाजवळच्या जबल हफीत डोंगराचा रस्ता चढायची, कारण त्या घाटाला पायथ्यापासून माथ्यापर्यंत दिवे आहेत. पिवळ्या दिव्यांखाली ही बाई पाठीवर पाण्याचे कॅन घेऊन एकटी चढते आहे, आणि शेजारून गाड्या हॉर्न देत जातायत. अंबादास तिला सोडायला यायचा आणि गाडीत बसून हिंदी गाणी ऐकायचा. त्याला तिचा अभिमान वाटायचा. मंडळाच्या हळदीकुंकवाला त्याने चार लोकांत सांगितलंसुद्धा, आमची मिसेस इराकच्या लढाईला नाही घाबरत, उकळता डोंगर बघायला निघाली आहे.

आणि मग एजंटचा ईमेल आला. शैलेंद्रने तो प्रिंट काढून शुक्रवारी आणला आणि वाचून दाखवला, हसत हसतच. साधा मेल होता. तुम्ही मागितलेल्या तारखा ईदच्या आहेत. आमचे उंटवाले इथल्या अफार जमातीचे आहेत, मुसलमान आहेत, ईदला ते आपापल्या घरी असतात. त्यांची गावं लांब. ईदच्या दिवसांत कुणी चालणार नाही. त्यानंतर दोन आठवड्यांनी माणसं आणि उंट परत येतील, तेव्हा निघू. नको असेल तर फोन करून कळवा, नाही कळवलंत तर तुम्ही येताय असं धरतो.

कढईत तेल चुरचुरत होतं.

बारा वर्षं हे लोक या देशात राहिले. दर बकरी ईदला खालच्या मजल्यावरच्या नूरजहाँकडून ताटभर बिर्याणी वर यायची, वरून पुरणपोळी खाली जायची. ईदला कोण कुठे जातं, कोण कुणाला भेटतं, सगळं समोर. तरी इतक्या बैठकांत एकाच्याही डोक्यात आलं नाही की तिकडेही ईद आहे. यांच्या लेखी ईद म्हणजे सुट्टी. ऑफिस बंद, टेंट काढा, गाड्या काढा, चला. सण त्यांचा आणि दिवस आपले, असंच सगळ्या इंडियन लोकांनी इथे धरलंय. कुंदाने तर चंद्र मोजला, त्या चंद्राखाली दुसरं कुणी घरी बसून जेवणार आहे हे नाही मोजलं.

"मग काय, दोन आठवड्यांनी जाऊ," शैलेंद्र म्हणाला. "रजा काढतो मी. मैथिली?"

"मला काय, मी डबे बंद ठेवीन."

"नाही," कुंदा म्हणाली.

"का?"

"तेव्हा अमावास्या आहे."

"बरं मग? आपण काय मुहूर्त काढतोय? टॉर्च आहेत की."

"टॉर्चने नाही होत."

"सगळं जग टॉर्चने जातं, वहिनी."

"शाळेत परीक्षा आहेत. आणि ऊन वाढेल. आणि... नाही जमायचं."

एवढी बाई, जिच्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं, ती एकामागून एक फुटकी कारणं द्यायला लागली. अंबादास झारा हातात धरून तिच्याकडे बघत राहिला. त्याने विचारलं, "कुंदा, काय झालंय?"

कोपऱ्यातून पर्णिकाने कानातली वायर काढली. "शी कान्ट सी, बाबा. इन द डार्क. एव्हरीबडी इन स्कूल नोज."

 मग मैथिली उठून गॅस बंद करून आली.

अंबादासचं पहिलं वाक्य डोळ्यांबद्दल नव्हतंच. "तो पांढरा पंचा," तो म्हणाला. "तो माझ्या पाठीवर असणार होता तो."

"हो."

"मी पुढे, कारण मी संथ चालतो."

"तू चालतोसच संथ."

"उंटाला कळवलंस तू, कुंदा. फिकट रंगाचा पाठवा म्हणून. उंटाला कळवलंस आणि मला नाही."

 शैलेंद्र आणि मैथिली चपला घालून निघून गेले, भजी तशीच राहिली. नंतर कुंदाने जे सांगितलं ते असं. अंबादासने रागाने आदळआपट केली नाही, ते परवडलं असतं. तो एवढंच म्हणाला, "अमावास्या तर अमावास्या. मी हात धरून नेतो, चल." आणि ते तिला सहन झालं नाही.

"मला बघायला जायचं होतं," ती म्हणाली. "नेऊन दाखवायला नको होतं कुणी. आता तो दर पावलाला मागे वळून बघणार. डबक्यापाशी पोचल्यावर लाव्हाकडे नाही, माझ्याकडे बघणार, मला दिसतंय का म्हणून."

"बघू दे की."

"तुम्हाला नाही कळायचं, मावशी."

न कळण्यासारखं त्यात काय होतं? पंचवीस वर्षं जी बाई पुढे चालली, तिला मागे चालायचं होतं फक्त एका पांढऱ्या पंच्यामागे, ज्याच्या मालकाला ते माहीत नसेल. मालकाला कळलं की पंच्याचा हात होतो. आणि अंबादासचंही कुठे चुकलं? संसार केलेल्या माणसाला आपल्या बायकोची नजर जातेय हे पोटच्या पोरीकडून इंग्रजीत कळावं, तर तो हात पुढे करणार नाही तर काय टाळ्या वाजवणार? दोघं एकाच घरात, एकाच टेबलावर जेवतात, आणि मीठ दे, डाळ दे यापलीकडे बोलत नाहीत. अंबादास साइटवर लवकर जातो, उशिरा येतो. तिने खोलीतले दिवे वाढवून घेतले आहेत, आता लपवायचं कारण नाही.

पुढच्या वर्षी ईद दहा-अकरा दिवस अलीकडे येईल. चंद्र तोच असेल, उंटवाले तेव्हाही घरीच असतील. नजर किती असेल, ते डॉक्टरलाही माहीत नाही. म्हणजे पुढचं वर्ष नाहीच. ही अमावास्या आहे, नाहीतर खडूचा डोंगर आहे.

हे तिलाही कळत होतं. म्हणून शनिवारी सकाळी ती आली, चष्मा नाही, केस विंचरलेले नाहीत, जिन्यात कठड्याला धरून, आणि एजंटचा नंबर लिहिलेली चिठ्ठी टेबलावर ठेवली.

"मावशी, तुम्ही करा फोन. त्याला सांगा, आम्ही येत नाही. माझ्या तोंडून नाही निघायचं. घरून केला तर अंबादास ऐकेल, शाळेतून आयएसडी लागत नाही."

"आणि शैलेंद्र?"

"तो विचारत बसेल का म्हणून. तुम्ही विचारणार नाही."

इथे 'ती' संपली, कुंदा. पुन्हा तू.

मी विचारलं नाही, हे खरं. तू पायऱ्या मोजत खाली उतरलीस तेही मी वरून पाहिलं. तू गेल्यावर अंबादासचा फोन आला होता, साइटवरून, मागे ड्रिलिंग चाललेलं. मला म्हणाला, मावशी, ती तुमच्याकडे आली का? मी म्हटलं, आली होती. त्याने विचारलं, ठीक आहे का? मी म्हटलं, तिलाच विचार. तो म्हणाला, विचारायला गेलं की ती दिवा लावते. एवढं बोलून त्याने ठेवला. त्याला काय म्हणायचं होतं मला कळलं नाही, तुला कळेल.

ईद आता चार दिवसांवर आहे. उंटवाले आपापल्या गावी निघाले असतील. परत येतील तेव्हा काळोख असेल आणि तुला रस्ता दिसणार नाही. अंबादासने हात धरला तरी ठेच लागेल, न धरला तर पडशील, आणि त्या दगडावर पडणं म्हणजे काय हे तू मला शिकवलं आहेस. मी काही आशीर्वाद वगैरे देत नाही. वय झालं म्हणून मला जास्त कळतं असंही नाही.

चिठ्ठी माझ्याकडेच आहे. न कळवलं तर येताय असं धरतो, हे एजंटने लिहिलंच होतं. तो फोन मी केलेला नाही.