आबांना दोन पानं गाळून वाचून दाखवली, तेव्हा...

गेल्या मंगळवारी दुपारी मी माझ्याच घरात चोरी करताना सापडले. चोरी कसली, तर कादंबरीच्या दोन पानांची... आणि पकडणारे कोण, तर काळा चष्मा लावून कॉटवर पडलेले माझे सासरे!

आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. वाचायचं नाही, टीव्ही नाही, धुळीत जायचं नाही. सकाळी पेपर आला नाही तर ज्यांना चहा गोड लागत नाही, त्यांना असं बसवून ठेवणं म्हणजे शिक्षा घरच्यांनाच. शेवटी मी कोपरगावच्या वाचनालयातून एक कादंबरी आणली आणि रोज दुपारी वाचून दाखवायला लागले.

आणताना मागचं कव्हर तरी बघावं की नाही? मी मेली घाईत... जाडी बघून उचलली, म्हटलं आठवडाभर पुरेल.

कादंबरीतला माणूस हुशार, बोलका, गावाकडचा. खुर्चीपायी एकेकाला वापरतो आणि सोडून देतो. सुरुवातीला आबा खूश होते. "ह्यो गडी लई पुढं जानार बघ," म्हणायचे. सोमवारी ते झोपल्यावर मी पुढची पानं चाळत शेवटपर्यंत गेले आणि मधेच कपाळावर हात मारला. तो माणूस भरसभेत आपल्या जिवाभावाच्या मित्रावर खोटा आळ घेतो आणि त्या जोरावर निवडून येतो.

आता आमच्या घरातलं सांगते. अख्ख्या गावाला माहीत आहे, फक्त आमच्या घरात कुणी बोलत नाही. आबा पंचायत समितीला उभे होते, तेव्हा समोर त्यांच्या सख्ख्या बहिणीचे, म्हणजे आमच्या आत्यांचे मालक होते. त्यांना आम्ही मामा म्हणतो. मामांचं दूध संकलन केंद्र होतं. शेवटच्या सभेत आबांनी माईकवर सांगितलं, हा माणूस दुधात पावडर मिसळतो. साफ खोटं! आबा निवडून आले, सभापती झाले. लोकांनी मामांकडे दूध घालणं बंद केलं आणि केंद्राला कुलूप लागलं.

पुढे आबांचीही खुर्ची गेली. मागे-पुढे फिरणारे गेले, दारातल्या गाड्या गेल्या. आत्या कालव्याच्या चारीपलीकडेच राहतात, आमच्या गच्चीवरून त्यांचं घर दिसतं. पण तेव्हापासून एक भाऊबीज झालेली नाही. दर भाऊबीजेला आबा सकाळीच आंघोळ करून ओसरीवर बसतात... कुणाची वाट बघताय, हे विचारायची आमच्यात कुणाची छाती नाही.

तर मंगळवारी वाचता वाचता ती सभा आली. मी गुपचूप दोन पानं उलटली आणि पुढचं वाचायला घेतलं.

"थांब."

मी बोटाने पान दाबून धरलं.

"दोन पानं गेली. डोळ्याचं आपरेशन झालंय माझ्या, कानाचं न्हाई."

"आबा, ती चिकटली होती हो..."

"वाच."

वाचलं. दुसरं काय करणार? नवरा कारखान्यावर ड्युटीला, घरात आम्ही दोघंच. आबांचं बीपी वाढलं तर काय करू, हेच डोक्यात. आबा छताकडे तोंड करून पडलेले आणि चादर मुठीत घट्ट धरलेली.

प्रकरण संपलं. आबा म्हणाले, "त्यो नंतर जातो का मित्राकडं? माफी मागाया?"

मी शेवट वाचला होता. "जातो" असं अगदी ओठावर आलं होतं हो... पण नाही जमलं. म्हटलं, "नाही आबा. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहतो. मग एक दिवस तो मित्रच हे जग सोडून जातो."

आबा उठले आणि पायाने चपला चाचपायला लागले. "स्कूटी काढ."

"अहो धूळ आहे बाहेर! ह्यांना तरी येऊ द्या."

"त्यो आला की जाऊ देनार न्हाई. आन् उद्या मीच जानार न्हाई. काढ."

रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या आणि मागे माझा खांदा गच्च धरून बसलेले आबा. आत्या दारातच होत्या, मामा आत खाटेवर. आबा उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "शांते, चुकलं माझं."

आत्यांनी आत या म्हटलं नाही. "दादा, बदनामी माईकवरून केलीस. आन् माफी हितं, कुनी नसताना?"

मला भयंकर राग आला. म्हाताऱ्या माणसाला पाणी तरी विचारावं! पण खरं सांगू, त्यांचं चुकलं असं म्हणायला तोंडही उघडेना.

आबा वळले. "डेअरीवर घे."

संध्याकाळच्या दुधाची वेळ, गावच्या डेअरीवर किटल्या घेऊन रांग लागलेली. एके काळी सभा गाजवणारा माणूस, पण आवाज जेमतेम पुढच्या चार जणांना ऐकू गेला. "आमच्या दाजींच्या दुधात कदीच काय नव्हतं. मी मतासाठी खोटं बोल्लो हुतो."

कुणी खाली बघितलं, कुणी मोबाईल काढला. एकजण हसत म्हणाला, "आबा, आता कुठं इलेक्शन हाय?" मला वाटलं, जमिनीने गिळून टाकावं. आबांनी तेच सगळं पुन्हा एकदा सांगितलं... या वेळी मोठ्याने.

रात्री कुणी जेवलं नाही. आबांना धुळीत नेलं म्हणून नवरा माझ्यावर चिडलेला.

बुधवारी सकाळी फाटक वाजलं. आत्या! हातात किटली. मला म्हणाल्या, "ग्लास आन." काठोकाठ दूध ओतून त्यांनी आबांच्या हातात दिलं. "आमच्या म्हशीचं हाय. पी, माझ्यादेखत."

आबा प्यायले. थोडं सदऱ्यावर सांडलं, पण तळाचा थेंबही ठेवला नाही.

"लागली का पावडर?"

आबांनी 'न्हाई' म्हणून मान हलवली. काळ्या चष्म्याखालून पाणी गालावर आलं. आत्या एकदम पुढे झाल्या आणि त्यांचा हात धरला, "रडू नको रं दादा... डोळा बिघडंल."

मी स्वयंपाकघरात पळाले आणि मनसोक्त रडले. माझा डोळा काही बिघडणार नव्हता.

शेवटचं प्रकरण वाचायचं राहिलं होतं. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे त्ये, दे परत करून." काल वाचनालयात पुस्तक ठेवताना मी त्याला चक्क हात जोडले. कादंबरीतल्या त्या बिचाऱ्याला जायचं जमलं नाही, म्हणून आमचे आबा गेले.